त्र्याऐंशी चौरस फूट पर्यावरण

आषाढातल्या एका सकाळी मी बादलीत तांब्या बुडवला आणि वर काढला, तर पाण्याबरोबर छताचा तुकडा आला. तळहाताएवढा पोपडा. वरून पांढरा, आतून काळपट हिरवा, आणि भिजवलेल्या पापडासारखा लिबलिबीत. मान वर करून पाहिलं तर त्याच्या जागेवर कच्चं सिमेंट दिसत होतं आणि शेजारी आणखी तीन पोपडे आपापल्या पाळीची वाट बघत लोंबत होते.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि जाहीर केलं, "यंदा गणपतीच्या आत बाथरूमला रंग."

"आणि स्वयंपाकघराला?" आतून आवाज आला.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. ओट्यावरचं छत आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पांढरं होतं. आता ते बासुंदीच्या रंगाचं झालं आहे. बासुंदी आमच्याकडे वर्षातून दोनदा होते, म्हणजे बाकीचा सगळा रंग फोडणीचा.

रात्री पुण्याहून कन्येचा फोन आला. ती पर्यावरण या विषयात नोकरी करते, त्यामुळे आमच्या घरी प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा चोरून आणावी लागते. "बाबा, इकोफ्रेंडली रंग बघा हं. लो व्हीओसी. आणि सगळं रंगाऱ्यावर सोडू नका." आमच्या घरात आजवर रंगाचं सगळं रंगाऱ्यावरच सोडलेलं आहे. एकदा तर किल्लीही सोडली होती आणि आम्ही अष्टविनायकाला गेलो होतो. पण मुलीसमोर अज्ञान दाखवायचं नाही म्हणून मी "हो, व्हीओसी बघतोच आहे" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर व्हीओसी म्हणजे काय ते बघितलं.

तर त्याचं असं आहे. रंग पातळ राहावा, नीट पसरावा म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात त्यातली काही भिंतीवर राहायला आलेलीच नसतात. रंग वाळतो म्हणजे ती उडून जातात. उडून कुठे जातात, तर खिडकी असेल तर बाहेर आणि नसेल तर आपल्या नाकात. डोळे चुरचुरतात, डोकं चढतं, दम्याचा माणूस असेल तर त्याचे हाल होतात. ऑइलपेंटमध्ये टर्पेंटाइन असतं, त्यामुळे हा प्रकार त्यात जास्त. पाण्यावरच्या इमल्शनमध्ये खूप कमी. या उडून जाणाऱ्या मंडळींचं नाव व्हीओसी.

म्हणजे आम्ही ज्याला नव्या रंगाचा वास म्हणायचो तोच हा. लहानपणी चाळीत कुणाच्या खोलीतून ऑइलपेंटचा वास आला की त्या घरात लग्न ठरलंय हे पत्रिका येण्याआधी कळायचं. त्या वासाला शुभ मानण्यात आमचं बालपण गेलं. मी तर जिन्यात उभं राहून तो मुद्दाम छातीभर घेत असे. कन्येला हे अजून सांगितलेलं नाही.

शिवाय आम्ही डोंबिवलीकर. जानेवारी २०१४ मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री आले. अशा गावात राहून मी माझ्या बाथरूममध्ये एका लिटरमागे किती ग्रॅम वाफ सुटेल याची चौकशी करायला निघालो होतो.

निघण्याआधी टेप काढली. बाथरूम सात बाय चार. भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स. रंगासाठी उरतं ते वरचं छत, अठ्ठावीस चौरस फूट, आणि टाइल्सच्या वरचा अडीच फुटी पट्टा, पंचावन्न. एकूण त्र्याऐंशी. पृथ्वी वाचवायला माझ्या वाट्याला आलेलं क्षेत्रफळ हे एवढं. स्वयंपाकघराचं, टाइल्स आणि ट्रॉल्या वजा करून, दोनशे साठच्या आसपास निघालं. दोन हात मारायचे तर एका लिटरात साधारण शंभर चौरस फूट होतात, म्हणजे चार लिटरचा एक डबा. हा एक डबा निवडायला मला तीन आठवडे लागले.

रंगाच्या दुकानात गेलो. पूर्वी डब्यांवर गुटगुटीत, हसऱ्या तोंडाचा पोरगा असायचा, हातात ब्रश घेतलेला. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला गट्टू. आता डब्यांवर पानं आहेत. इतकी पानं की दुकान आहे की रोपवाटिका असा प्रश्न पडावा. प्रत्येक डब्यावर निसर्ग, श्वास, शुद्ध आणि बाळाचा फोटो. दुकानदाराला विचारलं, "यात व्हीओसी किती?"

"झिरो."

"शून्य म्हणजे शून्य?"

"साहेब, डब्यावर लिहिलंय."

डब्यावर लिहिलेलं असतंच, पण या शून्याला व्यापारी अर्थ आहे. लिटरमागे पाच ग्रॅमच्या आत असलं की बहुतेक ठिकाणी त्याला शून्य म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हीही साखर बंद केली म्हणतो तेव्हा चहातली धरत नाही. खरी गंमत पुढे आहे. हा आकडा असतो पांढऱ्या बेसचा. आपण शेडकार्डातून 'शरद चांदणं' किंवा तत्सम नावाचं काही निवडलं की दुकानदार डबा मशीनखाली ठेवतो आणि मशीन वरून चार-पाच नळ्यांतून रंगद्रव्य सोडतं. त्या रंगद्रव्यात स्वतःची वाफ असू शकते, आणि शेड जितकी गडद तितकी ती जास्त. त्याचा हिशेब डब्यावर नसतो. थोडक्यात, डबा पांढरा असेपर्यंतच निष्पाप.

तिथेच मला आठवलं की सरकारनेही १९९१ साली पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी इकोमार्क नावाचं चिन्ह काढलं आहे आणि त्याचं चित्र म्हणजे मातीचं मडकं. ते मडकं मी दुकानभर शोधलं. एकच सापडलं. कोपऱ्यात, स्टुलावर, पाणी प्यायचं.

"शेणाचा रंगही येतो आता," माझी चौकशी बघून दुकानदार म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय, पण नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरींच्या हस्ते तो बाजारात आला. खादी प्राकृतिक पेंट. जयपूरच्या कुमारप्पा संस्थेत, जिथे हातकागदावर काम चालतं, तिथे तो तयार झाला. डिस्टेंपर लिटरला १२० रुपये आणि इमल्शन २२५ रुपये असा त्या वेळचा भाव. शिसं नाही, विषारी काही नाही, वास नाही, बुरशी धरत नाही असे एकंदर आठ गुण त्याचे सांगितले होते, आणि त्याला 'अष्टलाभ' असं भारदस्त नाव होतं.

घरी येऊन हा प्रस्ताव मांडला. सौ. पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"गावाला दर चार दिवसांनी घर सारवलंय मी. नववीत असल्यापासून. ते सुटावं म्हणून शहरातलं स्थळ बघा असं वडिलांना सांगितलं होतं. आणि आता तुम्ही लिटरला एकशेवीस देऊन शेण आणणार?"

"पण याला वास नाही."

"वास नाही तर शेण कसलं?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर दिवाणखान्याच्या भिंतीला मी तो रंग आनंदाने लावला असता. पण डिस्टेंपर, मग तो शेणाचा असो की आणखी कशाचा, वाफेच्या खोलीत टिकणारा नव्हे. ओल्या फडक्याने दोनदा पुसलं की रंग फडक्यावर येतो.

मग मी सर्वांत जुन्या पर्यावरणस्नेही रंगाकडे वळलो. चुना.

कोकणात आजीच्या घरी गणपतीच्या आधी चुना लागायचा. कळीचा चुना, पांढरे दगडासारखे खडे, एका जुन्या पिंपात टाकायचे आणि वरून पाणी. आम्हा मुलांना दहा पावलं लांब उभं करायचे, कारण ते पाणी चुलीशिवाय खदखदायचं आणि उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. रात्रभर विरला की गाळायचा, त्यात थोडी नीळ टाकायची म्हणजे पांढऱ्याला निळसर झाक येते, आणि केरसुणीसारख्या कुंच्याने भिंतीवर ओढायचा. ओला असताना काहीच दिसायचं नाही. आजोबा म्हणायचे, "थांबा, उद्या बघा." दुसऱ्या दिवशी भिंत लख्ख. यातलं शास्त्र मला आत्ता कळलं. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि भिंतीवरचा चुना वाळताना तोच वायू हवेतून परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे भिंत स्वतःच श्वास घेऊन पांढरी होते. ताजा चुना इतका जहाल अल्कली की बुरशीला त्यावर पाय ठेवता येत नाही. व्हीओसी शून्य, आणि हे शून्य खरोखरचं.

पण आजीच्या स्वयंपाकघरातल्या चुन्याची मला आठवणारी मुख्य गोष्ट ही नाही. आजी लोणच्याला हळद कालवत असताना तोल सांभाळायला तिने एकदा ताज्या चुन्याच्या भिंतीला हात टेकला. पिवळा पंजा उमटायला हवा होता. उमटला तो लालभडक. मी किंचाळलो, भिंतीला रक्त आलं म्हणून. आजी शांतपणे म्हणाली, "रक्त कसलं रे, कुंकू झालंय." आणि ते खरंच होतं, हळदीला चुन्याची संगत लागली की तिचं कुंकूच होतं, पिढ्यान्‌पिढ्या कुंकू असंच करत आले आहेत. त्या वर्षी गौरी आल्या तेव्हा पाहुण्या बायकांना वाटलं की हा पंजा मुद्दाम काढलाय आणि दोघींनी त्याला अक्षता वाहिल्या.

हा सगळा प्रसंग मी सौ.ला रंगवून सांगितला. ती म्हणाली, "आणि त्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाची पाठ कशी दिसायची ते पण सांगा." मग चुन्याचाही विषय संपला. तीन दिवसांनी घरातली प्रत्येक काळी पँट पांढरी होणार हे मलाही कळत होतं. शिवाय आमच्या भिंतींवर जुना ऑइलपेंट आहे, आणि त्या गुळगुळीत अंगावर चुना धरत नाही.

शेवटी रंगारी आला. गेली वीस वर्षं आमच्या इमारतीचं काम करणारे मामा. खिशात पॉलिश पेपर, कानावर पेन्सिल. मी त्यांना व्हीओसीवर दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि एका कंपनीचं नाव घेऊन म्हणाले, "हा घ्या." का, तर चांगला आहे. का चांगला, तर त्याच्या डब्यात टोकन निघतं. हे शेवटचं त्यांनी सांगितलं नाही, ते मला दुकानदाराने सांगितलं. डबा उघडला की रंगाऱ्याला आत टोकन सापडतं आणि त्याचे पैसे मिळतात. भारतातल्या निम्म्या घरांचे रंग त्या टोकनाने ठरवले असावेत असा माझा अंदाज आहे.

मामांनी स्टूल मांडलं, पेपर काढला आणि छताचा जुना ऑइलपेंट खसाखसा घासायला हात वर केला. त्या क्षणी व्हिडिओ कॉलवर असलेली कन्या इतक्या जोरात ओरडली की मामा स्टुलावरून उतरलेच. तिचं म्हणणं बरोबर होतं. आमची इमारत १९९४ सालची. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि लाल शेड्समध्ये, किती शिसं आहे ते देव जाणे. तो कोरडा घासला की त्याची धूळ होते, ती नाकात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशासारखं वाईट दुसरं काही नाही. घासायचंच तर पाणी मारून, ओलं ठेवून, आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करून. मी इकडे नवा रंग साधू असावा म्हणून तीन आठवडे फिरत होतो आणि खरा गुंड तीस वर्षं डोक्यावर चिकटून बसला होता.

(हिरव्या नावाला भुलू नये याचं जुनं उदाहरणही कन्येनेच सांगितलं. १७७५ साली शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने एक अतिसुंदर हिरवा रंग शोधला. लोकांनी हौसेने घरांतल्या भिंतींच्या कागदाला वापरला. त्यात आर्सेनिक होतं. म्हणजे सोमल.)

मामा परत चढले, ओला हात छतावर फिरवला, बोटाने एके ठिकाणी टोकरलं आणि खाली न बघता म्हणाले, "साहेब, तुम्ही कुठलाबी रंग आणा. हा रंगाचा रोग न्हाय. हे पाणी हाय."

"पाणी कुठलं?"

मामांनी पेन्सिल वर केली. वर म्हणजे तिसरा मजला.

इथून पुढची गोष्ट रंगाची नाही, पण खरी गोष्ट तीच आहे. बुरशी का येते? ओल असते म्हणून. ओल असेल तर कुठलाही रंग फुगतो, पोपडे धरतो, बुरशीला अंथरूण-पांघरूण देतो. त्यावर उपाय म्हणून रंगात बुरशीनाशक घालतात. पाण्यावरच्या रंगात तर ते डब्यातच सडू नये म्हणूनही काहीतरी घालावं लागतं. म्हणजे मी दुकानात जाऊन असा रंग मागत होतो की जो बुरशीला ठार मारेल पण मुंगीलाही दुखवणार नाही. मामांच्या एका पेन्सिलीने माझा हा सगळा अहिंसावाद उघडा पडला.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, बाथरूम दाखवलं आणि म्हणाले, "बघा ना, आमच्याकडे एक थेंब नाही." ते अगदी खरं होतं. त्यांचे सगळे थेंब आमच्याकडे होते.

प्लंबर आला. त्याने काकांच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपवर रंगीत पाणी ओतलं आणि अर्ध्या तासाने आमच्या छतावर निळा डाग उमटला. ट्रॅपचा सांधा सुटला होता आणि खालचा कोबा वर्षानुवर्षं पाणी पिऊन तर्र झाला होता. आता खर्च कुणाचा? सोसायटीच्या उपविधींप्रमाणे बाथरूम-संडास-सिंकच्या गळतीचा खर्च सभासदाने करायचा. कोणत्या सभासदाने, यावर दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत सेक्रेटरींनी चहा मागवला, दुसऱ्या बैठकीत वडेही, आणि तिसरी नको म्हणून काकांनी काम करून घेतलं.

तोवर गणपती आले. बाथरूमच्या छताला ना जुना रंग, ना नवा, नुसतं सिमेंट. आरतीला आलेला प्रत्येक पाहुणा हात धुवायला आत जायचा आणि वर बघत बाहेर यायचा. एका मावशींनी विचारलं, "ही नवी फॅशन का?" मी हो म्हणालो.

ट्रॅप दुरुस्त झाला तरी मामांनी रंगाला हात लावला नाही. त्यांनी दुधाच्या पिशवीचा चौकोनी तुकडा कापून चिकटपट्टीने छताला चारी बाजूंनी डकवला. दुसऱ्या दिवशी आतून दवासारखे थेंब. "अजून पाणी हाय." आठवड्याने पुन्हा. पुन्हा थेंब. तिसऱ्या आठवड्यात तुकडा कोरडा निघाला. इतक्या वर्षांत मी रंगाच्या जाहिराती पुष्कळ पाहिल्या, पण दुधाच्या पिशवीइतकं प्रामाणिक प्रात्यक्षिक एकाही जाहिरातीत पाहिलं नाही.

स्वयंपाकघराला फार लिहावं असं काही नाही. छताचा तेलकट थर सोड्याच्या गरम पाण्याने धुतला, कारण तेलावर रंग बसत नाही, आणि धुतल्यावर असं दिसलं की निम्म्या जागेला रंगाची गरजच नव्हती. चिमणी आमच्याकडे आहे, पण ती आवाज करते म्हणून फक्त पाहुणे आले की लावतात. एक्झॉस्टच्या भोकात कबुतराने संसार थाटला होता. तो संसार उठेपर्यंत थांबलो, मग पंखा पुसून सुरू केला. रंग घेतला तो पाण्यावरचा, धुता येणारा, किंचित चमक असलेला, कारण मॅट भिंतीवर हळदीचा हात लागला की पुसता पुसता भिंतच पुसली जाते. व्हीओसी कमी लिहिलेला, आणि मशीनखाली न घातलेला. पांढरा. घटस्थापनेच्या दिवशी दोन हात मारून झाले. संध्याकाळी कन्येने फोनवर विचारलं, "वास येतोय?" मी नाक लावून पाहिलं आणि म्हणालो, "नाही. साबुदाण्याच्या खिचडीचा येतोय."

टोकन मामांनी नेलं. रिकामा डबा मोरीत पाणी भरून ठेवायला घेतलाय, सौ.च्या मते सगळ्या खरेदीत टिकाऊ वस्तू ती एवढीच. थोडा रंग उरला होता, अर्धा-पाऊण लिटर, तो एका बरणीत घट्ट झाकून माळ्यावर ठेवला आहे. गटारात ओतायचा नाही असं कन्येने बजावलं आहे. डोंबिवलीत कुणाच्या बाथरूमचं छत तीस चौरस फुटांच्या आत असेल तर त्यांनी यावं आणि घेऊन जावा. शेड पांढरी. ब्रश आपला आणावा, आणि येण्याआधी एकदा वरच्या मजल्यावर चहाला जाऊन यावं.